क्रूझर गाडीवर पाय पुढं टाकून बसायची सवय कशी लावायची? गिअर, ब्रेक, कंबर आणि वळणाची सगळी माहिती

माण, खटाव, फलटण, कोरेगाव या आपल्या भागात अजूनही दहातल्या बऱ्याच गाड्या स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना याच असतात. पण आता ॲव्हेंजर, मीटिऑर असल्या लांबलचक आणि बुटक्या गाड्याही गावोगाव दिसायला लागल्यात. तरुण पोरं जुन्या बाजारातून घेतात, कुणी ऊसाचं बिल आल्यावर नवी काढतो. या गाड्यांना क्रूझर म्हणतात. सीट खाली, हँडल उंच आणि मागं ओढलेलं, आणि फूटरेस्ट पुढं इंजिनाजवळ. आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. दिसायला झकास दिसतं, पण वीस वर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस पहिल्या दिवशी त्याच्यावर बसला की त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत.

आम्ही बातमी देताना "ताबा सुटून दुचाकीस्वार जखमी" असं एका ओळीत लिहून मोकळे होतो. ताबा का सुटला हे कुणी विचारत नाही. माझ्या पुतण्यानं जुनी ॲव्हेंजर घेतली, आणि पाचव्या दिवशी गावाच्या वेशीवर शेळी आडवी आली. पोराचा उजवा पाय सवयीनं गुडघ्याखाली गेला, जिथं स्प्लेंडरचा ब्रेक असतो तिथं. तिथं काहीच नव्हतं. पाय सरळ डांबरावर टेकला, मागं ओढला गेला आणि घोट्याला फ्रॅक्चर. शेळी वाचली. ऐन कांदा लागवडीत सहा आठवडे प्लॅस्टर होतं. त्याला गाडी चालवता येत नव्हती असं नाही, दुसऱ्या गाडीची सवय पक्की होती म्हणून तो पडला. म्हणून ही माहिती सविस्तर देतोय.

ही बसायची पद्धत आली कुठून

मूळ अमेरिकेचं. तिकडं मैलोन् मैल सरळ रस्ते. हार्ले-डेव्हिडसन, इंडियन या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांना पाय ठेवायला पसरट फूटबोर्ड असायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या पोरांनी गाड्या कापून-जोडून पुढचं चाक लांब आणि पाय आणखी पुढं असल्या गाड्या बनवल्या, त्यांना चॉपर म्हणायला लागले. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमानं ती फॅशन जगभर पोचवली. आपल्याकडं बजाजनं कावासाकीच्या साथीनं एलिमिनेटर आणली, आणि २००५ मध्ये तिच्याच वळणावर १८० सीसीची ॲव्हेंजर आली. २०१० मध्ये तिला २२० सीसीचं इंजिन मिळालं. रॉयल एनफील्डची थंडरबर्ड होतीच, तिच्या जागी नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ३५० आली.

सगळ्या क्रूझर सारख्या नसतात हे आधी ध्यानात घ्या. काहींचे फूटरेस्ट पार पुढं असतात, पाय जवळजवळ सरळ होतो. मीटिऑरसारख्या गाडीत ते थोडेच पुढं असतात, गुडघा चांगला वाकलेला राहतो. जितके पाय पुढं तितकी सवय लागायला वेळ जास्त, आणि कंबरेला त्रासही जास्त. आपल्या रस्त्यांना थोडेच पुढं असलेले बरे, असं माझं मत.

आकडे बघितले की फरक कळतो. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, ॲव्हेंजर २२० ची ७३७. म्हणजे जवळजवळ दोन इंच खाली. सव्वापाच फुटाच्या माणसाचेही दोन्ही पाय सपाट टेकतात, हा मोठा फायदा. पण स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर, ॲव्हेंजरचं १४९०. दहा इंच जास्त. वजन स्प्लेंडरचं ११२ किलो, ॲव्हेंजर क्रूझचं १६३. म्हणजे डीएपीची एक गोणी कायमची गाडीवर टाकल्यासारखं. मीटिऑर तर १९१ किलो भरते. हे वजन चालताना जाणवत नाही, थांबताना आणि वळवताना जाणवतं.

गिअरचा घोळ आधी समजून घ्या

पाय पुढं टाकण्यापेक्षाही मोठा धोका इथं आहे. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढं दाबून पडतात. पंजा दाबला की पहिला, परत दाबला की दुसरा, तिसरा, चौथा. कमी करायला टाचेनं मागं दाबायचं. क्रूझरला पहिला गिअर पंजानं खाली, आणि बाकीचे सगळे वर. म्हणजे पंजा दांड्याखाली घालून उचलायचा.

आता सवयीनं काय होतं बघा. दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसनं चाललाय, पुढचा गिअर टाकायचा म्हणून पंजा दाबला. स्प्लेंडरला तिसरा पडला असता. इथं पहिला पडतो. क्लच सोडला की मागच्या चाकाला जोरात हिसका बसतो, रस्ता ओला किंवा मुरमाचा असेल तर मागचं चाक घसरतं.

मीटिऑरला पुढं-मागं असे दोन्हीकडं दाबायचे दांडे आहेत. तिथं उलटा घोळ. स्प्लेंडरवाला वेग कमी करताना टाच दाबतो, आणि मीटिऑरला टाच दाबली की गिअर वाढतो. उतारावर इंजिनाचा ब्रेक लागेल म्हणून टाच दाबावी, तर गाडी आणखी मोकळी सुटते. ज्यांनी उजव्या बाजूला गिअर असलेली जुनी बुलेट चालवलीय त्यांना असल्या उलटसुलटीची कल्पना आहे, आमच्या वडिलांच्या वयाची माणसं एका दिवसात शिकतात. अवघड जातं ते आयुष्यभर एकच गाडी वापरलेल्याला.

यावर उपाय एकच, निदान पहिला महिनाभर घरातली जुनी गाडी आणि ही नवी गाडी आलटून-पालटून चालवू नका. सकाळी स्प्लेंडरवर डेअरीला दूध आणि संध्याकाळी ॲव्हेंजरवर तालुक्याला, असं केलं की पाय दोन्हीकडं चुकतो. जमत नसेल तर गाडी बदलल्यावर निघायच्या आधी क्लच दाबून दोन-तीनदा गिअर वर-खाली करून बघा.

सराव कुठं आणि कसा

बाजार समितीचं मोकळं आवार बाजार नसलेल्या दिवशी, नाहीतर शाळेचं मैदान रविवारी. जागा सपाट पाहिजे. घाण्याच्या रस्त्यावर, ऊसाच्या ट्रॉल्या चालू असताना शिकायला जाऊ नका.

सुरुवात गाडी बंद ठेवूनच करा. साइड स्टँड काढून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, गाडी सरळ धरा. आता नजर समोर ठेवून उजवा पाय उचलून फूटरेस्टवर ठेवा, मग खाली. मग डावा. खाली न बघता टाच बरोबर फूटरेस्टवर बसली पाहिजे. पहिल्यांदा पाय हवेत चाचपडतो, नडगी कुठंतरी आपटते. तीस-चाळीस वेळा केलं की पायाला जागा कळते. पोरांना हे हास्यास्पद वाटतं, पण पुतण्यानं प्लॅस्टर काढल्यावर अंगणात हेच केलं, आणि नंतर त्याचा पाय चुकला नाही.

मग ब्रेक. स्प्लेंडरवर मागचा ब्रेक दाबताना आपण पायाचं वजन खाली टाकतो. क्रूझरवर पाय खाली नाही, पुढं ढकलावा लागतो, जीपचा ब्रेक दाबल्यासारखा. टाच फूटरेस्टवर टेकलेलीच ठेवून नुसता पंजा दाबायचा. पूर्ण पाय उचलून ब्रेक शोधायची सवय लागली तर घाईच्या वेळी उशीर होणार. ठरल्या जागी पंजा आरामात पोचत नसेल तर ब्रेकच्या पेडलची उंची कमी-जास्त करता येते, गिअरचा दांडाही थोडा वर-खाली होतो. चांगला फिटर दहा मिनिटांत करून देतो. फक्त त्यासाठी गाडीवर तुम्ही स्वतः बसा, फिटरच्या पायाच्या मापानं लावून घेऊ नका.

उंचीनं कमी असलेल्यांना इथं एक फसगत होते. सीट खाली म्हणून गाडी आपल्या मापाची वाटते, पाय मस्त टेकतात. पण पाय पुढं ताणले की ब्रेकपर्यंत पंजा पोचायला गुडघा पार सरळ करावा लागतो. गुडघा सरळ झाला म्हणजे दाबायला जोरच शिल्लक राहिला नाही. गाडी घ्यायच्या आधी बसून, पाय पुढं ठेवून, ब्रेक पूर्ण दाबून बघा. तेव्हाही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे.

मग इंजिन चालू करून सरळ वीस-तीस फूट जा आणि थांबा. निघताना डावा पाय आधी उचलून गिअर टाकायचा, गाडी हलली की उजवाही लगेच वर. बरेच जण दोन्ही पाय लोंबकळत ठेवून पन्नास फूट जातात. क्रूझरवर हे धोक्याचं, कारण पाय पुढच्या बाजूला सोडलेला असतो. चालत्या गाडीत तो जमिनीला टेकला की पाऊल जागेवर अडकतं, गाडी पुढं जाते आणि फूटरेस्ट पोटरीवर येऊन आदळतो. पाय गाडी पूर्ण थांबल्यावरच, निदान थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी खाली, आणि तोही सीटच्या सरळ खाली टेकवायचा. थांबताना हँडल सरळ पाहिजे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की १६३ किलो एका बाजूला कलंडतात, मग पायानं सावरत नाहीत.

जोरात ब्रेक लावायचा सराव कुणी करत नाही. तो करा. आधी वीसच्या वेगानं, मग तीस, मग चाळीस. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू वाढवत. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो" हे आपल्याकडं डोक्यात बसलंय. क्रूझर लांब आणि बुटकी असल्यानं ती पुढं उलटायला अवघड, आणि तिच्या मागच्या ब्रेकचा उपयोग इतर गाड्यांपेक्षा जास्तच होतो. तरी गाडी थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर तिला ते नसण्याचीच शक्यता, तेव्हा मुरमावर पुढचा ब्रेक जपून. पाय पुढं असण्याचा फायदा इथं मिळतो. जोराच्या ब्रेकला अंग पुढं सरकायला लागतं तेव्हा दोन्ही पाय फूटरेस्टवर रेटून धरता येतात, सगळा भार मनगटावर येत नाही.

वळण आणि यू-टर्न

चौकात गाडी फिरवायला स्प्लेंडरला जेवढी जागा लागते त्यापेक्षा क्रूझरला बरीच जास्त. गल्लीत एका दमात वळेल असं धरून चालू नका. हळू वळताना पहिला गिअर, अर्धा क्लच, थोडा ॲक्सिलरेटर आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. पुढचा ब्रेक अजिबात नाही. नजर जिथं जायचंय तिकडं, पुढच्या चाकाकडं नाही. हँडल मागं ओढलेलं असल्यानं पूर्ण वळवलं की एक टोक मांडीला लागतं आणि दुसऱ्या टोकापर्यंत हात ताणावा लागतो. तेव्हा पाठ सीटला चिकटवून न बसता थोडं पुढं वाका. मैदानात दोन विटा ठेवून त्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरा. सुरुवातीला विटांत पंचवीस-तीस फूट अंतर, मग कमी करत आणा.

घाटात वेगळी गोष्ट. वाईहून पाचगणीला पसरणी घाटानं गेलात तर केसाच्या पिनेसारखी वळणं लागतात. क्रूझर कमी झुकते, कारण फूटरेस्ट खाली असतात आणि वळणात ते रस्त्याला घासतात. पहिल्यांदा खर्रकन आवाज झाला की माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा गाडी एकदम उभी करतो, आणि समोरच्या बाजूला जातो. फूटरेस्ट दुमडणारे असतात, नुसतं टोक घासल्यानं लगेच पडत नाही. पण ते टोक घासलं म्हणजे याच्यापुढं झुकायला जागा नाही हा निरोप आहे. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको.

कंबर, पाठ आणि गतिरोधक

आपल्या भागात क्रूझर घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त तक्रार कंबरेची. आरामाची गाडी म्हणून घेतली आणि फलटणहून साताऱ्याला जाईपर्यंत माकडहाड दुखायला लागलं. कारण साधं आहे. स्प्लेंडरवर पाय खाली असतात, खड्डा दिसला की आपण नकळत पायावर जोर देऊन बूड चार बोटं उचलतो. धक्का गुडघे झेलतात. क्रूझरवर पाय पुढं असल्यानं तसं उठता येत नाही. उठायला गेलात तर हँडलला लोंबकळावं लागतं, आणि हँडल ओढलं की गाडी हलते. म्हणून धक्का सीटमधून सरळ मणक्यात.

तेव्हा खड्डा अंगावर घ्यायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. गतिरोधकाचं तर विचारू नका. रस्त्यांच्या मानकाप्रमाणं गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे. आपल्या गावांत ज्याच्या दारात अपघात झाला त्यानं रातोरात सिमेंटचा बांध घातलेला असतो. ॲव्हेंजरचं पोट जमिनीपासून १६९ मिलिमीटर, मीटिऑरचं १७०, ती निभावतात. सुपर मीटिऑर ६५० चं मात्र १३५ आहे आणि गाडी २४१ किलोची. वाडी-वस्तीवर राहणाऱ्यानं ती घेण्याआधी घरापर्यंतचे गतिरोधक मोजावेत, गंमत म्हणून सांगत नाही.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. बहुतेक जण पुढं घसरून, पाठीचा कमान करून बसतात. सीटच्या मागच्या चढाला बूड पूर्ण टेकवा, कंबर सरळ ठेवा, कोपर थोडे ढिले. हात पार ताठ झाले असतील तर हँडल थोडं आपल्याकडं फिरवून घ्या, क्लच-ब्रेकच्या वायरी ताणत नाहीत हे बघून. पहिला महिना पाऊण तासाला एकदा उतरा, चार पावलं चाला. आधीपासून मणक्याचा, गादी सरकल्याचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ही गाडी घेऊ नका. उधारीवर एक दिवस मागून चालवून बघितलेली बरी.

हायवेला वाऱ्याचा त्रास वेगळा. सरळ बसल्यानं सगळा वारा छातीवर येतो आणि पायांखालूनही शिरतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, म्हणजे चाळीसला जे जाणवतही नाही ते ऐंशीला हँडलवरून हात सोडवायला लागतं. हँडल घट्ट धरून लोंबकळू नका, त्यानं खांदे भरून येतात आणि गाडी डुलते. समोर काच असलेलं मॉडेल लांबच्या प्रवासाला बरं. पँटची बॉटम आत खोचा. आणि चप्पल नको. पाय पुढं असल्यावर वारा चप्पल सरळ उचलतो, शिवाय गिअर वर उचलताना अंगठा सोलून निघतो. शेतातले गमबूटही चालत नाहीत, पंजा दांड्याखाली शिरत नाही. साधा कॅनव्हासचा बूटही चालेल, फक्त तळ घसरडा नको. धोतरवाल्या मंडळींनी काय करायचं, यावर माझ्याकडं उपाय नाही.

मागं कोण बसणार, काय बांधणार

क्रूझरची पुढची सीट आलिशान, मागची नावापुरती. मागचा माणूस उंचावर बसतो, धक्का त्याला जास्त. घरच्या बायका साडीत एका बाजूला बसणार असतील तर जुनी गाडी घेताना मागच्या चाकाचं गार्ड, हात धरायची दांडी आणि फूटरेस्ट जागेवर आहेत का ते बघा. मागं माणूस बसायची सोय असलेल्या गाडीला या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितल्यात, पण पोरं दिसायला बरं म्हणून गार्ड काढून टाकतात. गावात पदर चाकात गेल्याच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. मागं माणूस घेऊन जायच्या आधी एकट्यानं पंधरा दिवस तरी चालवा, कारण मागं वजन आलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हळू वेगाला हँडल डुगडुगतं.

दुधाचे कॅन, वैरणीचा भारा यासाठी ही गाडी नाही. बांधता येतं, पण सीट खाली असल्यानं कॅन पायाच्या आणि सायलेन्सरच्या आड येतात. चिखलाच्या पाणंदीत मात्र हिचा एक फायदा आहे, दोन्ही पाय सपाट टेकत असल्यानं अडकली तर सावरत नेता येते, मागं घ्यायलाही सोपी.

शेवटी, गॅरेजवाल्यांकडून फूटरेस्ट आणखी पुढं करून घेण्याचं जे फॅड आलंय त्याबद्दल. इंजिनाच्या पुढच्या नळीला पट्टी वेल्डिंग करून फूटरेस्ट जोडतात आणि ब्रेकला लांब सळई लावतात. त्या सळईत ढिलाई येते, पेडल दाबलं तरी ब्रेक अर्धवट लागतो, आणि चेसीच्या नळीला वेल्डिंगची आच लागली की तिथं ती कमजोर होते. गाडीत नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हेच आधी पुढं येऊ शकतं. जुनी गाडी बघायला गेलात की खाली वाकून पुढच्या नळीवर वेल्डिंगचे डाग, नवा रंग दिसतोय का ते बघा. दिसला तर भाव कितीही कमी सांगो, ती गाडी सोडून द्या.